शाई ओली असते तेवढ्या वेळात : खानदेशच्या हवेत भेटकार्डांवरचे ठसेकाम

भेटकार्डावर ठसा उमटवण्याची कोणतीही नवी पद्धत हाती घेताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट तपासते : या कागदावर, आजच्या हवेत, ही शाई किती वेळ ओली राहते? एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईवर टाकून उष्णतेने वितळवायची पूड) नीट चिकटणे, दोन रंग डाग न पडता एकमेकांत मिसळणे, शाई न लावता दिलेली दुसरी छाप फिकट पण स्पष्ट येणे, हे सारे त्या ओल्या वेळावर अवलंबून असते. आपण पाहतो ती पुष्कळशी प्रात्यक्षिके थंड किंवा समुद्राकाठच्या दमट हवेत केलेली असतात आणि त्यांत सांगितलेले अंदाज जळगाव, भुसावळ, धुळे किंवा शिरपूरच्या घरात तसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा अगदी कोरडी होते. श्रावणात त्याच टेबलावरचा कागद ओलाव्याने मऊ पडलेला असतो. म्हणून पुढे दिलेल्या प्रत्येक पद्धतीसोबत ती आपल्या हवेत कशी सांभाळावी, हेही सांगितले आहे.

हे मला एका आखाजीने, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाने, शिकवले. माहेरी येणाऱ्या लेकींसाठी झोक्याचे चित्र असलेली वीस कार्डे करायला मी भर दुपारी, छताचा पंखा सुरू ठेवून बसले होते. चार कार्डांवर एकदमच ठसे उमटवून घ्यावेत आणि मग सोनेरी पावडर टाकावी, असा माझा बेत होता. पावडर टाकेपर्यंत पहिल्या दोन कार्डांवरची शाई सुकून गेली होती. झोक्याची एक दोरी सोनेरी झाली आणि दुसरी नुसती करडी रेघ राहिली. त्या दिवसापासून मी एका वेळी एकच कार्ड पूर्ण करते आणि कोणतीही नवी शाई आणली की आधी तिची पट्टी काढते.

ही पट्टी काढणे सोपे आहे. ज्या कागदावर कार्ड करायचे त्याचीच दोन बोटे रुंद पट्टी कापावी आणि एकाच लहान ठशाच्या चार छापा, प्रत्येक वेळी नवी शाई लावून, ओळीने उमटवाव्यात. पहिल्या छापेवर ५ सेकंदांनी, दुसरीवर १५, तिसरीवर ३० आणि चौथीवर ६० सेकंदांनी एम्बॉसिंग पावडर टाकून झटकावी. पावडर जिथवर अखंड चिकटते, तिथवर ती शाई त्या कागदावर ओली राहते, असे समजावे. पट्टीच्या मागे महिना, वेळ आणि पंखा किंवा कूलर सुरू होता का, एवढे लिहून ठेवावे. माझ्याकडे अशा पट्ट्यांची एक वहीच तयार झाली आहे आणि नवे कार्ड सुरू करताना मला कोणत्याही पुस्तकापेक्षा तिचाच अधिक उपयोग होतो.

शाई आणि कागद

इंक पॅडमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या शाया मिळतात. डाय शाई कागदाच्या तंतूंत मुरते, लवकर सुकते आणि पारदर्शक असते. त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग उमटवला की खालचा रंग वरच्या रंगातून डोकावतो. पिगमेंट शाईतले रंगकण कागदाच्या वरच्या थरावर राहतात. ती दाट दिसते, सावकाश सुकते आणि म्हणूनच पावडर चिकटवण्यासाठी योग्य ठरते. उन्हात डाय शाई लवकर उडते, तेव्हा खिडकीत मांडून ठेवले जाईल असे कार्ड असेल तर पिगमेंट शाई वापरावी. याखेरीज केवळ चिकटपणासाठी वापरायची रंगहीन एम्बॉसिंग शाई असते आणि ॲसिटेट (पारदर्शक प्लास्टिकची शीट) किंवा काचेसारख्या न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी सॉल्व्हंट शाई असते. सॉल्व्हंट शाई वापरताना खिडकी उघडी असावी. तिच्या क्लीनरने पारदर्शक फोटोपॉलिमर ठसे खराब होऊ शकतात, म्हणून ही शाई लाल रबराच्या ठशांसाठीच ठेवलेली बरी.

उन्हाळ्यात पॅडचे झाकण उघडे राहिले तर पृष्ठभाग लवकर कोरडा पडतो. ठसा पॅडवर टेकवला की लगेच झाकण लावायची सवय करावी. फेल्टचा पॅड उलटा ठेवला तर शाई वरच्या बाजूला येऊन राहते. पूर्ण सुकलेल्या पॅडवर पाणी मारू नये. त्याच शाईची रीइंकर बाटली मिळते, तिचे थेंब टाकून ती प्लास्टिकच्या सपाट पट्टीने पसरवावी.

कागदाच्या बाबतीत बारीक रेषांच्या ठशासाठी गुळगुळीत आणि जाड कागद लागतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी ३०० जीएसएमची (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) आयव्हरी शीट शिकण्यासाठी पुरेशी आहे. ए-४ कागद आडवा मधोमध कापून प्रत्येक अर्धा भाग दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरची दोन कार्डे होतात. मात्र ठसे थेट घडीच्या कार्डावर न उमटवता वेगळ्या, थोड्या लहान कागदावर उमटवून तो नंतर कार्डावर चिकटवावा; एखादी छाप बिघडली तर सगळे कार्ड वाया जात नाही.

सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मला मनापासून आवडतो. ज्या मुलुखात यावल जाड देशी कागदासाठी आणि निळीसाठी, तर फैजपूर सुती कापडावरच्या रंगाईसाठी आणि छपाईसाठी एके काळी प्रसिद्ध होते, त्या मुलुखात बसून कागदावर ठसे उमटवताना ही आठवण सोबत असावी, असे मला वाटते. पण हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि तो शाई भराभर पितो. त्यावर नाजूक नक्षी तुटक येते. मोठे, भरीव आकार मात्र सुंदर दिसतात. कागदाखाली पातळ फोमची शीट ठेवली तर कागदातले उंचसखल भाग सांभाळले जातात.

नव्या क्लिअर, म्हणजे पारदर्शक, ठशावर कारखान्यातला तेलकट थर असतो, त्यामुळे शाईचे थेंब जमतात आणि छाप ठिपकेदार येते. ठशाचा पृष्ठभाग खोडरबराने हलका घासला की हा दोष जातो. ठसा ॲक्रिलिक ब्लॉकवर (हातात धरायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या ठोकळ्यावर) लावून तो पॅडवर दाबण्याऐवजी पॅडच ठशावर हलक्या हाताने टिपत न्यावा, म्हणजे कडांना जास्तीची शाई लागत नाही. छाप देताना ब्लॉक सरळ खाली ठेवावा, सारखा दाब द्यावा आणि तसाच सरळ वर उचलावा.

केळीची बाग : फिकट छाप आणि मास्किंग

दोन पद्धती एकत्र शिकण्यासाठी मी केळीच्या बागेचे चित्र सुचवते, कारण रावेर-यावलकडच्या रस्त्याने जाताना दिसणाऱ्या बागांमध्ये हीच गोष्ट डोळ्यांसमोर असते : पुढच्या ओळीतली पाने गडद हिरवी, त्यामागची फिकी आणि अगदी मागची धुरकट. त्यासाठी केळीच्या एकाच झाडाचा, साधारण ५ सेंटिमीटर उंचीचा ठसा पुरतो.

आधी मास्क, म्हणजे उमटवलेली छाप झाकून ठेवणारे कागदी आकार, तयार करावेत. चिकट पट्टी असलेल्या नोटच्या कागदावर, चिकट भाग झाडाखाली येईल अशा बेताने, झाडाच्या दोन-तीन छापा उमटवून त्या कापून घ्याव्यात. कापताना कात्री रेषेच्या किंचित आतून न्यावी. रेषेच्या बाहेरून कापले तर पुढच्या आणि मागच्या झाडांमध्ये पांढरी फट राहते आणि सगळे चित्र चिकटवल्यासारखे दिसते. मग गडद हिरव्या शाईने पुढच्या ओळीतली झाडे उमटवावीत, ती सुकली की त्यांवर मास्क बसवावेत आणि मागची ओळ थोडी वर सरकवून उमटवावी. मास्क काढल्यावर मागची झाडे पुढच्या झाडांमागे उभी राहिलेली दिसतात. पुढे दिसायला हवे ते नेहमी आधी उमटवायचे असते. हा क्रम सुरुवातीला उलटा वाटतो, पण दोन कार्डांनंतर हाताला सवय होते.

मागची ओळ फिकी करण्यासाठी वेगळी शाई लागत नाही. एकदा शाई लावून पहिली छाप दिल्यावर ठशावर जी शाई उरते, तिचीच दुसरी छाप फिकी येते आणि तिसरी आणखी फिकी. दमट हवेत हे सहज जमते. आपल्या उन्हाळ्यात मात्र मास्क बसवेपर्यंत ठशावरची शाई सुकते आणि दुसरी छाप कोरीच निघते. यासाठी क्रम बदलावा : मास्क आधी बसवून ठेवावेत, प्रत्येक वेळी ठशाला नवी शाई लावावी, मागच्या ओळीसाठी एक छाप रद्दी कागदावर देऊन लगेच कार्डावर दुसरी द्यावी आणि सर्वांत मागच्या ओळीसाठी रद्दी कागदावर दोन छापा द्याव्यात. तरीही छाप तुटक येऊ लागली तर कागदावर टेकवण्याआधी ठशावर तोंडाने हलकी वाफ सोडावी. पाण्यातल्या डाय शाईला तेवढा ओलावा पुरतो.

बागेच्या मागचे आकाश रंगवायचे असेल तर ते झाडांच्या आधी रंगवावे. ब्लेंडिंग ब्रशवर (रंग एकमेकांत मिसळण्याच्या ब्रशवर) किंवा स्पंजच्या तुकड्यावर शाई घेऊन हात कागदाच्या बाहेरून, मॅटवरून, गोल फिरवत आत आणावा. ब्रश थेट कागदावर टेकवला तर तिथे पडलेला डाग पुढे निघत नाही. दाब अगदी कमी ठेवावा आणि फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जावे : आधी पिवळा, मग केशरी, सर्वांत वर गुलाबी. दोन रंगांच्या सीमेवर पुन्हा फिक्या रंगाचा ब्रश फिरवला की सांधा नाहीसा होतो. रंग शेजारचे निवडावेत. पिवळ्यावर जांभळा मिसळला की मातकट तपकिरी होतो. हीच अडचण झाडांनाही येते. डाय शाई पारदर्शक असल्याने केशरी आकाशावर उमटवलेले हिरवे पान मळकट दिसते, म्हणून जिथे पाने येणार तिथवर फक्त फिका पिवळा ठेवावा.

एकाच ठशात दोन रंग आणायचे तर भरीव आकार निवडावा. केळफुलाच्या ठशाला आधी संपूर्ण फिकी वांगी शाई लावावी आणि मग फक्त त्याच्या कडा गडद जांभळ्या पॅडवर टेकवत, ठसा किंचित कलता करून गोल फिरवाव्यात. छाप आली की कडा गडद आणि मध्य उजळ, असा गोलावा दिसतो. पुन्हा फिक्या पॅडकडे जाण्यापूर्वी ठसा पुसलाच पाहिजे, नाहीतर पॅड कायमचा खराब होतो. याच भरीव ठशावर, शाई ओली असताना, रेषांच्या नक्षीचा कोरडा ठसा टेकवून उचलला तर तेवढी शाई निघून नक्षी छापेत पांढरट उमटते. हे काम मात्र दोन-तीन सेकंदांत व्हायला हवे.

पावडर आणि उष्णता

हीट एम्बॉसिंग ही या सर्व पद्धतींमध्ये मला सर्वांत समाधान देणारी आहे. करड्या पावडरीचे क्षणात चकचकीत उंचवटे होताना पाहणे आजही तितकेच आवडते. पण तीच हवेला सर्वांत जास्त संवेदनशील आहे. कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साचते आणि पावडर नको तिथे चिकटते. दमट हवेत कागदच ओलसर असतो आणि परिणाम तोच होतो. आपल्याकडे यात कूलरची भर पडते. पाण्याचा कूलर खोलीतला ओलावा वाढवतो, त्यामुळे बाहेर कडक ऊन असले तरी कूलरसमोर ठेवलेला कागद श्रावणातल्या कागदासारखा वागतो. एम्बॉसिंगचे कागद म्हणूनच मी बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते आणि काम सुरू करण्याआधी पंखा, कूलर दोन्ही बंद करते.

कागद मऊ लागत असेल तर त्यावरून हीट गन (गरम हवा सोडणारे हातातले यंत्र) काही सेकंद फिरवून तो थंड होऊ द्यावा. मग पातळ सुती कापडात टाल्कम पावडर बांधून केलेली पुरचुंडी कागदावरून हलकी फिरवावी. टाल्कमऐवजी कॉर्नफ्लोअरही चालते. आता पिगमेंट किंवा रंगहीन शाईने छाप द्यावी, लगेच भरपूर एम्बॉसिंग पावडर टाकावी आणि उरलेली दुमडलेल्या कागदावर झटकून पुन्हा डबीत भरावी. चुकून चिकटलेले कण बारीक कोरड्या ब्रशने काढावेत. वितळल्यानंतर ते निघत नाहीत.

हीट गन आधी कागदापासून दूर धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्यावी आणि मगच साधारण ५ ते ७ सेंटिमीटर अंतरावरून छापेकडे वळवावी. थंड गन थेट धरली तर वाऱ्याने पावडर उडते. केस सुकवण्याच्या ड्रायरनेही तेच होते आणि पावडर वितळण्याइतकी उष्णताही त्यातून मिळत नाही. एका टोकापासून पावडर चमकू लागेल. ती जिथे चमकली तिथून गन पुढे सरकवत न्यावी. चमक आल्यावरही गन तिथेच राहिली तर पावडर कागदात जिरते, उंचवटा बसतो आणि मागच्या बाजूला तेलकट डाग दिसतो. कागद चिमट्याने धरावा. लहान मुले सोबत असतील तर ठसे त्यांच्या हाती द्यावेत. गन मोठ्यांनीच चालवावी.

या पद्धतीतून निघणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रंगरोध. पांढऱ्या कागदावर पारदर्शक पावडरीने झोक्याची किंवा रांगोळीची नक्षी उमटवून वितळवावी, थंड झाल्यावर त्यावरून गडद रंगाचे ब्लेंडिंग करावे आणि शेवटी मऊ कोरड्या कापडाने नक्षी पुसून घ्यावी. वितळलेल्या पावडरीवर डाय शाई मुरत नसल्याने गडद पार्श्वभूमीतून पांढरी नक्षी वर येते. आखाजीच्या त्या बिघडलेल्या झोक्यांवर शेवटी मी वेगळाच उपाय केला : करड्या रेषांवर त्याच ठशाने, एकेका कार्डावर, पुन्हा छाप दिली. दुसरी छाप नेमकी पहिल्यावर बसवण्यासाठी बिजागरीच्या झाकणाचा स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म लागतो. त्यात ठसा झाकणाला चिकटलेला असल्याने कितीही वेळा छाप दिली तरी जागा हलत नाही. खडबडीत हातकागदावर काम करणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

केळीचा दांडा आणि मराठी अक्षरे

विकतच्या ठशांखेरीज आपल्या परिसरात एक उत्तम ठसा फुकट मिळतो, तो म्हणजे केळीच्या पानाचा जाड दांडा. तो आडवा कापला की आत चंद्रकोरीच्या आकारात हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसते आणि तिची छाप कोणत्याही कोरीव ठशापेक्षा सुबक येते. धारदार सुरीने एकाच फटक्यात काप घ्यावा. सुरी पुढेमागे केली तर जाळी फाटते. कापलेली बाजू जुन्या कापडावर पंधरा-वीस मिनिटे टेकवून ठेवावी, म्हणजे चीक निथळतो. हा चीक कपड्यांवर पडला तर डाग जात नाही, तेव्हा जुने कपडे घालूनच बसावे. दांडा इंक पॅडवर कधीही टेकवू नये. शाई स्पंजाने दांड्यावर टिपून लावावी, कारण चिकाने पॅड कायमचा जातो. चार चंद्रकोरी पाठीला पाठ लावून उमटवल्या की फूल होते आणि ओळीने उमटवल्या की कार्डाला सुरेख किनार मिळते. हातकागदावर ही छाप फार शोभते. ती रात्रभर सुकू द्यावी आणि मगच कार्ड पाकिटात घालावे.

मराठी मजकुराचे तयार ठसे मात्र फारच कमी मिळतात आणि आखाजीच्या किंवा कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या) कार्डावर इंग्रजी शुभेच्छा मला पटत नाहीत. यावर दोन उपाय आहेत. कचेऱ्यांजवळ शिक्के तयार करून देणारे कारागीर आपण दिलेल्या अक्षरांचा रबरी ठसा बनवून देतात. शिक्क्याचा दांडा न लावता नुसते रबर मागावे, म्हणजे ते ॲक्रिलिक ब्लॉकवर दुहेरी चिकटपट्टीने लावता येते. अक्षरे जाड वळणाची द्यावीत आणि त्यांची उंची १ सेंटिमीटरहून कमी नसावी, अन्यथा अनुस्वार आणि वेलांटीच्या पोकळ्या शाईने भरून जातात.

दुसरा उपाय म्हणजे खोडरबर स्वतः कोरणे. शब्द ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने लिहून तो कागद खोडरबरावर पालथा दाबावा. अक्षरे आपोआप उलटी उमटतात आणि छापेत सरळ येतात. कोरताना शिरोरेषेची विशेष काळजी घ्यावी लागते, कारण ती लांब आणि बारीक असते आणि सरळ उभे पाते चालवले तर दोन-चार छापांतच तुटते. पाते रेषेपासून बाहेर कलते धरावे, म्हणजे रेषा वर बारीक आणि खाली पायाशी रुंद राहते. आधी अक्षरांच्या आतल्या पोकळ्या कोराव्यात आणि बाहेरचे रबर शेवटी काढावे; बाहेरचा आधार आधी गेला तर आतले कोरताना अक्षर हलते.

काम संपल्यावर ठसे ओल्या मऊ कापडाने लगेच पुसावेत, कारण उन्हाळ्यात वाळलेली पिगमेंट शाई बारीक रेषांत घट्ट बसते. क्लिअर ठसे सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. उन्हात ते पिवळे पडतात आणि कडक होतात. वाळले की ते प्लास्टिकच्या शीटवर चिकटवून कपाटाच्या खालच्या, थंड कप्प्यात ठेवावेत. खोडरबराचे ठसे मात्र प्लास्टिकला लागून ठेवू नयेत, काही काळाने ते त्याला चिकटून बसतात. साध्या कागदात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवले की पुढच्या आखाजीला जसेच्या तसे हाती येतात.